‘पासून’चा घोळ, ‘द’चा गोंधळ : वाचकांचे इंग्रजीविषयी प्रश्न

या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न मधल्या टप्प्यावरच्या वाचकांचे आहेत. साधं वाक्य जुळवता येतं, बातमीचा आशय कळतो, पण लिहायला बसलं की हात अडखळतो, असा हा टप्पा.

प्रश्न : ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य चूक का? ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’, असंच शाळेत शिकलो. (बँक कर्मचारी, पुणे)

या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय’ इथे मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. मागे कधीतरी सुरू झालेली गोष्ट आजही चालू असेल, तर तिथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतं : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे...’

दुसरी चूक ‘पासून’ची. आपण ‘२०१५पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि मधला काळ मोजून सांगायचा तर ‘फॉर’. ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स माय मॅरेज’; पण ‘फॉर टेन इयर्स’, ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर अ लाँग टाइम’. घाईत ओळखायचं असेल तर ‘पासून’ काढून तिथे ‘गेली’ किंवा ‘गेले’ घाला. ‘मी गेली दहा वर्षं पुण्यात राहतोय’ हे जमतं, म्हणून ‘फॉर’. ‘मी गेली २०१५ पुण्यात राहतोय’ हे कानाला बोचतं, म्हणून ‘सिन्स’. ‘गेल्या सोमवारपासून’ या शब्दांना फसू नका. त्यातलं ‘पासून’ काढलं की वाक्य कोसळतं, म्हणजे तिथेही ‘सिन्स’च.

‘हॅव’ची गोडी लागली की लोक उलट्या दिशेने चुकतात : ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे.’ मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ चालून जातं, म्हणून ही चूक खटकत नाही. ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’ असा संपलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळ घ्यायचा : ‘आय सॉ हिम येस्टर्डे.’

सरावासाठी घरातल्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीवर दोन वाक्यं लिहा, एक ‘सिन्स’चं, एक ‘फॉर’चं. ‘वुई हॅव हॅड धिस फ्रिज फॉर सिक्स इयर्स.’ ‘हॅव हॅड’ विचित्र दिसतं, पण बरोबर आहे. कृती नव्हे, स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना ‘-इंग’ लागत नाही; मालकी सांगणारं ‘हॅव’ त्यातलंच, म्हणून ‘हॅव बीन हॅविंग’ नको. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम नोइंग हिम’ चुकतात तीही याच कारणाने.

प्रश्न : ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ कुठे घालायचं हे नियम पाठ करूनही जमत नाही. मराठीत तर असलं काही नाहीच. (गृहिणी, बडोदा)

तसा शब्द मराठीत नाही, पण काम मात्र मराठीही करते, तेही शब्दांच्या क्रमाने. ‘अंगणात कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा अंगणात आहे’ ही वाक्यं सावकाश म्हणून पाहा. पहिल्यात कुठला तरी कुत्रा येऊन बसलाय : ‘देअर इज अ डॉग इन द यार्ड.’ दुसऱ्यात ज्याची चौकशी चाललीये तो, आपल्याला माहीत असलेला कुत्रा : ‘द डॉग इज इन द यार्ड.’ म्हणजे हा फरक तुमच्या कानाला आधीच कळतो. लिहिताना मनातल्या मराठी वाक्याला विचारा : कुठला तरी, की तो ठरावीक?

‘एक’ या शब्दाने मात्र घात होतो. ‘एक माणूस आला होता’ याचं ‘वन मॅन हॅड कम’ करू नका. इथे ‘एक’ मोजणीचा नाही, तो ‘अ’ आहे : ‘अ मॅन केम.’ एकच आला, दोन नाही, असं ठासून सांगायचं असेल तरच ‘वन’.

‘अ’ की ‘ॲन’, हे ठरवायला आपली लिपी कामी येते. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ (तास) : अ, म्हणून ॲन. ‘युनिव्हर्सिटी’ : य, म्हणून अ. ‘वन-वे रोड’ : व, म्हणून अ. ‘एमपीएससी कँडिडेट’ : ए, म्हणून ॲन. इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवणारे नेमके इथेच चुकतात.

नद्यांना आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतं (‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’), एकट्या शिखराला लागत नाही (‘माउंट एव्हरेस्ट’, ‘कळसूबाई’). ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हे शब्द इंग्रजी मोजत नाही, म्हणून त्यांना ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागत नाही आणि शेवटी ‘स’ही लागत नाही. एवढं सोडलं तर पाठांतरापेक्षा गाळलेल्या जागांचा फायदा जास्त. दीडशे शब्दांचा छापील उतारा घ्या, त्यातले सगळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ खोडून वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी भरा आणि ताडून पाहा. प्रत्येक चुकीसमोर चार-पाच शब्दांत कारण लिहा : ‘आधी उल्लेख आलाय’, ‘जगात एकच आहे’, ‘सगळ्यांबद्दल बोलतोय’. कारण लिहिलं नाही तर तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटेल.

प्रश्न : ‘इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन’ यात काय चुकलं? (बारावीचा विद्यार्थी, परभणी)

मराठीत ‘तू आला असतास तर मी गेलो असतो’ असं दोन्हीकडे ‘असता’ येतं, म्हणून तुम्ही ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे घातलं. इंग्रजीत ते फक्त ‘तर’च्या बाजूला येतं. ‘जर’च्या बाजूला ‘हॅड’ : ‘इफ यू हॅड कम, आय वुड हॅव गॉन.’ अगदी सैल बोलण्यात तुमचं रूपही ऐकू येईल, पेपरात ते लिहू नका.

प्रश्न : इंग्रजी अग्रलेखातले शब्द कळतात, तरी वाक्य कळत नाही. तीनदा वाचावं लागतं. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

शब्द कळूनही वाक्य निसटतं, तेव्हा बहुतेक वेळा मुख्य क्रियापद हुकलेलं असतं. मराठीत ते शेवटी येतं आणि नामाचं वर्णन नामाच्या आधी : ‘गेल्या आठवड्यात कलेक्टरांना पाठवलेलं पत्र न उघडता परत आलं.’ इंग्रजी हेच वर्णन नामाच्या मागे लटकवते : ‘द लेटर सेंट टू द कलेक्टर लास्ट वीक वॉज रिटर्न्ड अनओपन्ड.’ घाईने वाचणारा ‘लेटर सेंट’पाशी ‘पत्राने पाठवलं’ असा अर्थ लावतो आणि ‘वॉज रिटर्न्ड’पाशी अडखळतो. पत्र काही पाठवत नाही. म्हणून ‘सेंट’ इथे क्रियापद नव्हे, ‘पाठवलेलं’ आहे.

आता जरा लांब वाक्य : ‘फार्मर्स हूज क्रॉप्स वेअर डॅमेज्ड इन द सप्टेंबर रेन्स से दे हॅव नॉट रिसीव्ड द कॉम्पेन्सेशन प्रॉमिस्ड बाय द स्टेट.’ पेन्सिल घ्या आणि क्रियापदासारखं दिसेल त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा : ‘वेअर डॅमेज्ड’, ‘से’, ‘हॅव नॉट रिसीव्ड’, ‘प्रॉमिस्ड’. मग एकेकाचा कर्ता शोधा. ‘हू’, ‘हूज’, ‘विच’, ‘दॅट’ यांच्या मागून येणारं पहिलं क्रियापद सहसा त्यांच्याच वाट्याचं असतं, म्हणून ‘वेअर डॅमेज्ड’ बाजूला काढा. उरलेल्यांत पहिलं मोकळं क्रियापद ‘से’. कोण ‘से’? फार्मर्स. म्हणजे वाक्याचा कणा ‘फार्मर्स से’ एवढाच. ‘हॅव नॉट रिसीव्ड’ला ‘दे’ हा स्वतःचा कर्ता आहे, ते त्यांचं म्हणणं झालं. ‘प्रॉमिस्ड’ला कर्ता सापडत नाही आणि मागे ‘बाय’ लागलंय. तिथे मराठीतलं ‘-लेला, -लेली, -लेलं’ लावून बघा : ‘राज्याने कबूल केलेली भरपाई’. लागलं, म्हणजे तेही वर्णनच. ‘से’नंतर ‘दॅट’ गाळलेलं आहे, तेही ध्यानात घ्या. वृत्तपत्रं ते सर्रास गाळतात.

रोज एका अग्रलेखातली पाचच वाक्यं अशी सोलायची, सर्वांत लांब असतील ती. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. अख्खा लेख रेघोट्यांनी भरू नका. उरलेला नुसता वाचा.

प्रश्न : वाचनासाठी पुस्तक निवडताना किती शब्द अडले तर चालतील? (ग्रंथालय सदस्य, रत्नागिरी)

मधल्या पानावरचे शंभर शब्द मोजा. दोन अडले तर पुस्तक शब्दकोशाविना वाचण्याजोगं आहे. पाच अडले तर कोश जवळ लागेल आणि वेग पडेल. त्याहून जास्त अडले तर पुस्तक सध्या कपाटात ठेवा, त्यात कमीपणा नाही. हा हिशेब हवेतला नाही : हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कथा मदतीविना नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं आढळलं होतं.

‘सोपं’ म्हणून लहान मुलांची पुस्तकं आणू नका. प्राण्यांचे आवाज, यमकं, परीकथांतले जुने शब्द यांनी ती भरलेली असतात. शिकणाऱ्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेल्या वाचनमाला मिळतात. त्यांच्या पाठीवर किती मूळ शब्दांत पुस्तक बसवलंय तो आकडा बहुतेकदा छापलेला असतो. मधल्या टप्प्याला १००० ते १८०० चा पट्टा धरा.

शब्द टिपताना एकटा टिपू नका, त्याचा सोबती टिपा. ‘मॅरीड’ लिहाल तर मराठीतलं ‘शी’ तुम्हाला ‘मॅरीड विथ’कडे ओढेल. ‘मॅरीड टू’ असा जोडीनेच लिहा. तसंच ‘अँग्री विथ’ (मराठीतल्या ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन’ होतं) आणि ‘गुड ॲट’. ‘डिस्कस’समोर मात्र फुली मारून ठेवा. त्याच्यामागे ‘अबाउट’ येत नाही.

प्रश्न : परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, वाचनाच्या भागात, ‘फॉल्स’ (विधान उताऱ्याच्या विरुद्ध) आणि ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात त्याबद्दल माहितीच नाही) यांत हमखास गल्लत होते. (परिचारिका, सोलापूर)

उताऱ्यात असं आहे समजा : ‘द क्लिनिक ओपन्ड इन १९९८ अँड नाऊ ट्रीट्स मोस्टली चिल्ड्रन.’ विधान पहिलं : ‘द क्लिनिक ट्रीट्स ओन्ली चिल्ड्रन.’ ‘मोस्टली’ आणि ‘ओन्ली’ एकत्र खरे असू शकत नाहीत, म्हणून फॉल्स. विधान दुसरं : ‘इन १९९८ द क्लिनिक ट्रीटेड मोस्टली ॲडल्ट्स.’ ‘नाऊ’ वाचून तसं वाटतं खरं, पण उतारा १९९८च्या रुग्णांबद्दल गप्प आहे. नॉट गिव्हन. उताऱ्यातल्या ज्या शब्दांनी विधान खोटं पडतं त्यांवर बोट ठेवता आलं तरच ‘फॉल्स’ लिहा. नर्स म्हणून दवाखान्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते इथे अडचणच करतं.

साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि कागदी परीक्षेत उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वाचनासाठी वेगळा वेळ मिळत नाही. म्हणून घरी सराव करतानाही उत्तरं थेट वेगळ्या कागदावर लिहा. एका ‘नॉट गिव्हन’पाशी दीड मिनिटाहून जास्त थांबलात तर खूण करून पुढे जा.

प्रश्न : व्याकरणाच्या पुस्तकातले स्वाध्याय बरोबर येतात, पत्र लिहिताना मात्र त्याच चुका होतात. असं का? (शिक्षिका, कणकवली)

कारण स्वाध्यायाच्या डोक्यावर धड्याचं नाव असतं. ‘प्रेझेंट परफेक्ट’ असं वर छापलंय म्हटल्यावर वीसच्या वीस जागांत ‘हॅव’ भरणं सोपं. कुठला काळ घ्यायचा हा निर्णय तुमच्यासाठी पुस्तकानेच घेतलेला असतो, पत्रात तो तुम्हाला घ्यावा लागतो. चार वेगवेगळ्या धड्यांतली पाच-पाच वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, आठवड्याने काढून सोडवा. पहिल्या खेपेला गुण घसरतील. चुकलेल्या चिठ्ठ्या परत डब्यात टाका, बरोबर आलेल्या बाहेर ठेवा.