मायक्रोस्कोप बदलू नका, आधी पॉलिश पेपरची पाठ बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझे वाया गेलेले सात महिने आठवले. तुमचे ३४ कोअर, म्हणजे वर्षावर्षाची वलयं मोजायला खोडातून काढलेल्या लाकडाच्या बारीक कांड्या, सगळे सूचिपर्णी झाडांचे, ४०० नंबरपर्यंत घासलेले. तरी सालीकडची बारीक वलयं धुरकट दिसतात, निम्म्या कोअरची रुंद-अरुंद वलयं आपसात जुळतात आणि निम्म्यांची एका वर्षाने सरकतात. आणि तुम्ही विचारताय, जास्त ताकदीचा मायक्रोस्कोप घेऊ का? नका घेऊ. निदान आत्ताच नको.

पोस्टमधली साधनांची यादी चांगली आहे. कोअर वाळवून मगच चिकटवायचा, तंतू उभे ठेवायचे, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. माझी नजर अडली ती 'पॉलिश पेपर १२०, २२०, ३२०, ४००' या ओळीवर. त्या आकड्यांच्या आधी 'पी' छापलेलं आहे का?

कागदाचे नंबर द्यायच्या दोन पद्धती दुकानात शेजारी शेजारी नांदतात. अमेरिकी पद्धत आन्सी, तिच्यात नुसता आकडा. युरोपीय पद्धत फेपा, तिच्यात आकड्याआधी पी. २२० पर्यंत दोन्हींत नावापुरता फरक आहे, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्यापुढे मात्र वाटा फुटतात. आन्सी ४०० चा कण सरासरी २३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पी ४०० चा ३५. आणि आन्सी ३२० चा ३६! म्हणजे साध्या, बिनपीच्या ३२० नंतर तुम्ही पी ४०० लावला असेल, तर त्याच कागदाने दोनदा घासलंय, बस. साध्या ४०० ची बरोबरी करायला पी ८०० लागतो आणि साध्या ६०० ची करायला पी १२००.

आता माझी कहाणी. ज्यांना फक्त उपाय हवाय त्यांनी दोन-चार परिच्छेद गाळले तरी चालतील.

आमच्याकडे सामान स्वतः आणता येत नसे. मागणीपत्र भरायचं, ते खरेदी विभागात जायचं आणि तिथून काय परत येईल ते येईल. मी लिहिलं होतं 'आन्सी ४००'. विभागाने 'आन्सी' हे कंपनीचं नाव समजून लाल शाईने खोडलं, कारण मागणीपत्रात कंपनीचं नाव चालत नाही. वर 'कोणत्याही कंपनीचा, समतुल्य' असं लिहून पत्र सहीसाठी माझ्याकडे परत पाठवलं. आणि मी सही केली. खरी चूक इथे झाली आणि ती माझी आहे. मलाही तो शब्द म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं, पद्धतीच्या एका टिपणातून जसाच्या तसा उतरवला होता.

सामान आलं ते भांडारात पट्ट्या कापून, गठ्ठ्यांवर निळ्या पेनने '४००' लिहून. जुना साठाही तसाच कापलेला, तसाच '४००' लिहिलेला. मी उत्तरेकडच्या उताराचे ३० कोअर जुन्या पट्ट्यांनी घासले, त्या संपल्या, मग दक्षिणेकडचे ३२ नव्या पट्ट्यांनी. पहिला गट छान जुळला. दुसऱ्या गटात कोफेचा, म्हणजे कोअरची वलयं आपसात जुळतात का हे तपासणारा संगणक प्रोग्रॅम, तुकड्यामागून तुकडा एक वर्ष सरकवायला सुचवत होता. आता दक्षिण उतार कोरडा, ऊन जास्त, तिथली झाडं एखाद्या वाईट वर्षी बुंध्याच्या एका बाजूला वलय धरतच नाहीत, हे सगळं पुस्तकात वाचलेलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने जागोजागी 'वलय अनुपस्थित' ठरवलं आणि तिथे शून्य भरलं. मसुद्यात उताराच्या ताणावर दीड पान लिहूनही झालं.

मग एका कोअरचं टोक तुटलं. चिकटवलं आणि तेवढाच भाग परत घासला, खणाच्या तळाशी सापडलेल्या जुन्या पट्टीने. मायक्रोस्कोपखाली धरला तर जिथे मी शून्य भरलं होतं, तिथे वलय होतं. पातळ भिंतींच्या पेशींच्या दोन रांगा आणि लगेच चपट्या, गडद पेशींची एक रांग. जाडी ०.१ मिलिमीटरही नसेल. ते वलय पहिल्यापासून तिथेच होतं, ३५ मायक्रॉनच्या ओरखड्यांनी त्याचा नुसता करडा पट्टा केला होता. दोन्ही पट्ट्या उलट्या करून शेजारी ठेवल्या. नवीच्या कडेला कात्रीने अर्धं कापलेलं 'पी' हे अक्षर होतं. नुसता दांडा आणि वरचा अर्धा गोल.

खरेदी विभागाला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं: मागणी ४०० नंबरची होती, पुरवठा ४०० नंबरचा झाला आहे. कापलेला माल परत होत नाही. कागदोपत्री त्यांचं काहीच चुकलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं. तो लाल शाईचा कागद मी अजून जपून ठेवलाय.

याहून जास्त लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे सगळं आधीच लिहिलेलं होतं. ऑर्विस आणि ग्रिसिनो-मेयर यांचा २००२ चा 'ट्री-रिंग रिसर्च'मधला लेख नेमका याच विषयावर आहे. नमुना कोणत्या कागदाने घासला हे सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंदवावं, असा त्यांचा आग्रह. मी तो नंतर वाचला.

तेव्हा तुम्ही आता काय करायचं? पहिली गोष्ट, घाईने १२० पासून परत सुरू करू नका. कोअर मुळात ५ मिलिमीटरचा, त्यातला निम्मा लाकडी पट्टीच्या खोबणीत चिकटवलेला. घासायला फारसं काही उरलेलं नाही. कागद पी निघाला तर सरळ पी ६०० आणि मग पी ८००, तेही हाताने. त्याआधी प्रत्येक कोअर स्कॅन करून ठेवा, कारण पेन्सिलीने दिलेले दशकाचे, पन्नाशीचे, शतकाचे ठिपके पहिल्याच फटक्यात जातील.

त्यानंतर फिल्म वापरा, म्हणजे कागदाऐवजी प्लास्टिकवर कण बसवलेली, १५ मायक्रॉनची, हवी तर ९ ची. फिल्मवर नंबर नसतो, थेट मायक्रॉन छापलेले असतात, म्हणून मला ती आवडते. मागणीपत्रातही मी आता नंबर लिहीतच नाही, 'कण २३ मायक्रॉन, त्याहून जाड चालणार नाही' असं लिहितो. मायक्रॉन कुणी कंपनी समजून खोडलेलं अजून तरी बघितलेलं नाही. सूचिपर्णींना १५ पुरेत असं माझं मत आहे. ज्या रुंदपर्णी लाकडात नलिका वलयभर विखुरलेल्या असतात, तिथे ९ चा उपयोग होतो. त्यापुढची चकाकी फोटोसाठी. अर्थात माझा हात बहुतेक सूचिपर्णींवरच बसलाय, रुंदपर्णींवाल्यांनी मला दुरुस्त करावं.

दर कागदानंतर कोअर मायक्रोस्कोपखाली धरा. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढचा कागद उचलू नका. शेवटचे हात कोअरच्या लांबीने मारा, म्हणजे उरलासुरला ओरखडा वलयाला आडवा जातो आणि वलय असल्याचं सोंग करत नाही. प्रत्येक कागद बदलताना भुकटी हवेने उडवा. मागच्या कागदाचा एक कण मागे राहिला तरी तो पुढच्या कागदाखाली नांगर धरतो.

बेल्ट सँडर, म्हणजे फिरत्या पट्ट्याने घासणारं यंत्र, २२० नंतर मी बंद करतो. काहीजण ४०० पर्यंत नेतात, त्यांचे कोअर छान असतात, त्यांच्याशी वाद नाही. पण राळेच्या लाकडात पट्टा तापला की राळ पसरते, पट्टा बुजतो आणि कोअरला बारीक चिरा पडतात. बुजलेला पट्टा फेकू नका, साफ करायला क्रेप रबराचा ठोकळा मिळतो.

नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, रुमाल नव्हे. लाकडाची भुकटी माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तसं ठरवलं. मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षं रुमाल बांधून घासल्यावरचा खोकला मला माहीत आहे.

आणि हे सगळं वलयांची रुंदी मोजण्यापुरतं. याच कोअरवर पुढे समस्थानिकांचं काम करायचं असेल तर डिंक आणि भुकटी दोन्ही घातक आहेत, त्या बाबतीत माझं ऐकू नका. काही जण घासणं टाळून कोअर मायक्रोटोमने, म्हणजे धारदार पात्याच्या उपकरणाने, पृष्ठभाग कापून घेतात, तो स्वित्झर्लंडच्या डब्ल्यूएसएल या वनसंशोधन संस्थेत बनला. एकदा दुसऱ्याच्या टेबलावर बघितलाय, पेशी काचेसारख्या स्वच्छ दिसतात. पण मायक्रोस्कोपचे पैसे तिकडे वळवायच्या आधी दोनचार पट्ट्यांचा खर्च करून बघा.

जे सरकतायत त्यांतला एकच कोअर घ्या, पी ८०० पर्यंत न्या, आणि ज्या वर्षापासून सरकतो त्याच्या आसपासचा भाग बघा. सध्याच्या कागदाच्या पाठीचा फोटोही इथे टाका. पट्ट्या कापलेल्या असतील तर सगळ्या जोडून टाका, अक्षर कुठल्या तुकड्यावर गेलंय सांगता येत नाही.