दर आठवड्याच्या जंप टेस्टवरून खेळाडूंच्या स्क्वॉटचे वजन ठरवणे योग्य आहे का?

माझ्या मते योग्य नाही. आपण दर सोमवारी कॉन्टॅक्ट मॅटवर (पाय टेकल्याची-सुटल्याची नोंद घेणाऱ्या चटईवर) उडी मोजून त्या आठवड्याचे स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठण्याच्या व्यायामाचे, वजन ठरवण्याबद्दल विचारले आहे. मी महाविद्यालयीन मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवतो आणि याच मुद्द्यावर आमच्याकडे नेमलेल्या एका फिटनेस ट्रेनरशी माझा मोठा वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मॅट उंची मोजत नाही. पाय सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ ती मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब करते. कार्मेलो बॉस्को या इटालियन संशोधकाने 1980च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत, खेळाडू ज्या स्थितीत उडाला त्याच स्थितीत उतरला, असे गृहीत धरलेले असते. हवेतील वेळ 0.50 सेकंद असेल तर उंची सुमारे 30.7 सेंटिमीटर येते, 0.52 सेकंद असेल तर 33.2. गुडघे आधीच वाकवून पाय टेकवले तर ही वाढ ताकदीशिवाय मिळते.

आमची एक मिडल ब्लॉकर (जाळीच्या मध्यभागी उडी मारून समोरचा फटका अडवणारी खेळाडू) ब्लॉकनंतर गुडघे ताठ ठेवून उतरत असे. लिगामेंटला इजा होऊ नये म्हणून मी संपूर्ण पूर्वहंगाम तिच्या उतरण्यावर खर्च केला. ती गुडघे वाकवून उतरू लागली आणि मॅटवरचा तिचा आकडा लगेच वाढला. ट्रेनरने त्याला ताकदीतील वाढ मानून तिच्या बारवर वजन चढवले. त्या वजनाला तिची खाली बसण्याची खोली कमी होत होती, गुडघे आत वळत होते आणि ते आम्हा सर्वांना दिसत होते. तरीही तक्त्यातील आकडा तिच्या स्क्वॉटपेक्षा खरा मानला गेला. वजन उतरवावे म्हणून मला संस्थेच्या प्रमुखांपर्यंत जावे लागले. त्या निर्णयाबद्दल मला आजही राग आहे, कारण मुलीचे गुडघे पणाला लागले होते.

तंत्र अगदी स्थिर ठेवले तरी सरावलेल्या खेळाडूची उडी एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी दोन-चार टक्क्यांनी सहज बदलते; 35 सेंटिमीटरच्या उडीत तो फरक सुमारे एक सेंटिमीटर होतो. सकाळी उडी कमी येते, दुपारनंतर जास्त. हात कमरेवर ठेवले नाहीत तर हातांच्या झोक्याचीही भर पडते. शिवाय उडी ही शरीराच्या वजनाच्या तुलनेत लावलेल्या जोराची कसोटी आहे: वजन 62 वरून 65 किलो झालेली मुलगी पूर्वीइतकीच उडत असेल, तर तिचे पाय अधिक जोर लावत आहेत, आणि मॅट मात्र प्रगती शून्य दाखवते. थकलेला खेळाडू जास्त खाली बसून, जास्त वेळ घेऊन तीच उंची गाठू शकतो, हेही मॅटला कळत नाही. त्यासाठी पायांनी जमिनीवर लावलेला जोर मोजणारी फोर्स प्लेट लागते.

चाचणी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. एकाच वेळी, त्याच वॉर्मअपनंतर, हात कमरेवर ठेवून घेतलेल्या काही उड्यांची सरासरी अनेक आठवडे सलग खाली जात असेल, तर झोप, आहार आणि सामन्यांचा ताण याबद्दल खेळाडूशी अवश्य बोलावे. वजन मात्र बारवरच ठरवावे, म्हणजे खोली, वेग आणि शेवटच्या रेप्सची (आवर्तनांची) अवस्था पाहून. आणि आपल्या ट्रेनरने आकड्यावरून वजन वाढवण्याचा आग्रह धरलाच, तर आधी त्या उड्यांचे बाजूने घेतलेले चित्रीकरण मागा आणि पाय टेकतानाचे गुडघे त्यांच्यासमोरच तपासा.