जेवणार ती तिच्या वेळेला

"काकू, सप्रेम नमस्कार. लेकाने वाढदिवसाला हट्ट करून दोन टॅरंटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळिणी, घरी आणल्या, एक चिलीयन रोज जातीची आणि एक मेक्सिकन रेड नी. रेड नी खाते. पण चिलीयन रोजला येऊन पंधरा दिवस झाले, तिने एकाही रातकिड्याला तोंड लावलेलं नाही. गेले सहा दिवस मी रोज एक ताजा टाकते, भूक लागेल तेव्हा खाईल म्हणून. आता पेटीत सहा फिरतायत. इंदूरहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, खाल्लं का गं तिने? माझा जीव टांगणीला लागलाय."

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या या लेकीने आणखीही तीन-चार गोष्टी विचारल्यात, त्यांच्याकडे येते. पण बाळा, आधी उठ आणि ते सहाही रातकिडे बाहेर काढ. उरलेलं नंतर वाच.

घाई अशासाठी की टॅरंटुलाने खाणं सोडलं तर ती बरेचदा कात टाकायच्या तयारीत असते. पोटाचा रंग गडद होतो, मागे टक्कल पडलेलं असेल तर ते काळं, चकचकीत दिसू लागतं, हालचाल मंदावते. मग एक दिवस ती उताणी पडते आणि जुन्या कातीतून एकेक पाय ओढून काढते. तासन्‌तास चालतं हे. तेव्हा तिचं अंग मऊ असतं, दातही मऊ आणि पांढरे. अशात पेटीत भुकेला रातकिडा असला तर तोच तिला कुरतडतो, आणि तिला त्याला हटवताही येत नाही.

दर वेळी कातच असते असंही नाही. दुकानातून गाडीत, गाडीतून नव्या पेटीत, एवढी हलवाहलव झाली की कुठलीही टॅरंटुला काही दिवस कोपरा धरून बसते. त्यात चिलीयन रोज तर उपासासाठी प्रसिद्धच, वाढलेली मादी महिनोन्‌महिने न खाता ठणठणीत राहते. एरवीही मोठीला आठवड्याला एक-दोन रातकिडे पुष्कळ झाले. तू बघायचं ते पोट. ते गोल, भरलेलं आहे आणि वाटीत पाणी आहे, तर तिला काहीही झालेलं नाही. पोट आक्रसलं, सुरकुतलं तर काळजी करायची, आणि तेव्हाही आधी पाणी बघायचं. आठ-दहा दिवसांनी एक रातकिडा टाकून बघ, दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्ला नाही तर काढून घे. कात टाकल्यावर दात पुन्हा काळे होईपर्यंत, म्हणजे निदान आठ-दहा दिवस, काहीही देऊ नकोस.

माझ्या भाच्याकडे कॅल्गरीला हीच जात होती. मी तिथे राहायला गेले असताना एका रात्री ती उताणी दिसली. आमची ताई "गेली बिचारी" म्हणत वर्तमानपत्र घेऊन आली, गुंडाळून टाकायला. भाचा मध्ये पडला म्हणून वाचली ती. मेलेली टॅरंटुला सहसा उताणी नसते, पालथीच असते आणि पाय पोटाखाली मुडपलेले असतात, हे त्या पोराने आम्हा दोघींना तिथेच उभं राहून समजावलं. सकाळी पेटीत दोन दोन कोळिणी. एक दमलेली, नव्या केसांची, आणि शेजारी तिची कात, केसांसकट, दातांसकट, पायांच्या टोकापर्यंत अख्खी. त्यावर ताईचं पहिलं वाक्य काय असावं? "एवढे कष्ट झाले बिचारीला, आता काहीतरी खायला द्या तिला!"

हा आपला आग्रह. मी याच्यावर नेहमी बोलते आणि आजही बोलणार आहे. आपले खापरपणजोबा होळकरांच्या मागे माळव्यात आले, तुम्ही पुढे विलायत गाठलीत. दोनदा घर सोडलं, बोली बदलली, कपडे बदलले, पण इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊबाजारात पोट भरलेल्या पाहुण्याच्या हातात बळेच गराडूचा, तळलेल्या कंदाचा, द्रोण देण्याची रीत तेवढी सोबत नेली. का नेली तेही कळतं मला. परक्या देशात मुलाची शाळा आपल्या ओळखीची नसते, त्याचे मित्र कळत नाहीत, ते कशावर हसतात ते कळत नाही. त्याच्या ताटात काय पडतं एवढंच आपल्या हातात उरतं, म्हणून सगळा जीव तिथेच ओततो आपण.

आणि तू जाता जाता लिहिलंस ना, "तसा हा स्वतःही हल्ली नीट जेवत नाही, ताट उचलून खोलीत जातो, म्हणून आधीच डोक्याला ताप," तिथे मी थांबले. अगं, बारा वर्षांचा मुलगा आहे. घासागणिक "अजून थोडं घे, काहीच खाल्लं नाहीस" ऐकलं की तो खोलीच गाठणार. पेटीत रोज एक रातकिडा टाकणारी आई ताटातही रोज एक पोळी जास्तच टाकत असणार, हे मला पत्रातून दिसतं. रागावू नकोस. प्रेमाने करतेस, पण थांबव.

आम्ही परदेशातून इंदूरला परतलो तेव्हा आमची धाकटी कितीतरी दिवस धड जेवत नव्हती. सगळं घर वाटी घेऊन तिच्या मागे. सासरे तेवढे वेगळे. रामबागेतल्या घरी ते ओट्यावर तिच्यासाठी पोहे ताटलीखाली झाकून ठेवत, शेव वेगळ्या पुडीत, कारण मऊ पडलेली शेव तिला चालत नसे. मग अंगणात पेपर वाचत बसत. विचारत नसत, डोकावत नसत. बशी मोरीत घासायला पडली की त्यांना कळे. बाकीच्यांनी मागे लागणं सोडलं आणि पोर आपणहून ताटावर यायला लागली.

तेव्हा काही दिवस घरात जेवणाबद्दल एक अक्षर काढू नकोस, मुलाच्याही नाही आणि कोळिणीच्याही नाही. रातकिडा टाकायचं आणि काढायचं काम त्याचं. कधी दिला, कधी नाकारला, कात कधी पडली, हे त्याने वहीत लिहावं, तू त्या वहीला हात लावू नकोस. आजीला फोनवर खबर त्यानेच द्यावी. मुलगा खरंच वाळत चालला असेल, उंची-वजन वाढत नसेल, तर मात्र सरळ डॉक्टर गाठ.

बाकीचं पटकन सांगते. "दोघी एकट्या पडतील, एका पेटीत ठेवू का?" मुळीच नको, एक दुसरीला खाईल. पेटी उंच नको, मातीपासून झाकणापर्यंत तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त अंतर ठेवू नकोस, कारण पडली तर पोट फुटतं. तुमच्या बैठकीच्या खोलीतली ऊब पुरते, दिवा लावू नकोस. तुझ्या रांगत्या धाकटीसाठी खरी भीती चावण्याची नाही, माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. जपायचं ते कोळीण पोटावरून झाडते त्या केसांना, ते डोळ्यांत गेले तर वाईट. म्हणून झाकणाला पक्की कडी, हातावर खेळवणं बंद, आणि पेटीतलं काहीही हाताळलं की साबणाने हात धुवायचे. माद्या वीस-वीस वर्षं जगतात, मुलगा कॉलेजला गेला की त्या तुझ्याकडे राहतील हे धरूनच चाल. डिसेंबरात इंदूरला सोबत आणायचा विचार सोडून दे. रेड नी साइट्सच्या (CITES, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतली आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. पाण्याची वाटी भरत राहायला शेजारणीला किल्ली दे, तेवढ्यावर तीन आठवडे निघतात.

आणि सासूबाई मे महिन्यात येतायत म्हणतेस. येताना त्या झुरळांचा खडू आणि डासांची अगरबत्ती हमखास आणतील. दोन्ही त्या घरात नकोत, कीटकनाशकाने टॅरंटुला मरते. बॅग भरायच्या आधी त्यांना फोनवर सांगून टाक.