छतावरचा तंबू घेण्याआधी

भाऊ, गाडीच्या छतावर बसवून वर झोपायचा तंबू बघण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. चालत्या गाडीच्या छतावर किती वजन चालतं, तो आकडा शोधा. बऱ्याच गाड्यांना तो 50 ते 75 किलोच असतो, आणि दोघांचा तंबूच 50-60 किलो भरतो. तंबू ज्यावर बसतो त्या कॅरिअरच्या दांड्यांचं वजन वेगळं. उभ्या गाडीवर दोघं झोपलात तर भीती नाही, तेव्हा छत बराच जास्त भार पेलतं. खरा धोका वळणावर नि ब्रेक लावताना. तोरणमाळच्या घाटात माझी गाडी वळणाला झुकायची, ते मला पहिल्याच फेरीत जाणवलं. तेव्हापासून घाटात वेग निम्मा.

फायदा आहेच. आपल्या काळ्या मातीत एक सर पडली की जमिनीवरच्या तंबूत चिखल शिरतो, खुंट्या धरत नाहीत. विंचू-सापाची धास्तीही असते. वर निवांत झोप लागते. (गाडी मात्र मुरमावरच लावा, काळ्या रानात चाकं रुततात.)

पण रात्री लघवीला उठलं की शिडी उतरावी लागते. आई-वडील सोबत असतील तर हा विचार आधी करा. सकाळी भाजी आणायला जायचं तरी आख्खा तंबू मिटवा. ओला मिटवलात तर घरी येताच उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. आणि जळगावच्या मे महिन्यात तो छतावर ठेवू नका, उन्हाने कापड लवकर जातं.

माझं ऐकाल तर यंदाचा हिवाळा साध्या तंबूवर काढा. महिन्यातून दोनदा बाहेर पडताय असं दिसलं, तरच पैसे घाला.