संभाव्यता हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, सुरुवात कशी करू?

नववी-दहावीची पोरं पहिल्याच तासाला जांभया देतात म्हणताय, तर माझं ऐका, त्या तासाला नमुना अवकाश, घटना वगैरे शब्द फळ्यावर लिहूच नका. आधी अंदाज करायला लावा आणि तो चुकू द्या.

मी क्लासमध्ये काय करतो, वर्गाचे दोन गट. एक गट खरंच 200 वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहितो, दुसरा नाण्याला हात न लावता मनानेच 200 लिहून काढतो, पण खरं वाटेल असं. मी तोपर्यंत बाहेर. परत येऊन कागद बघायचे आणि खोटा कुठला ते सांगायचं. ट्रिक एवढीच की खऱ्या नाण्यात सलग 6 छापे किंवा सलग 6 काटे कुठेतरी सापडतातच (100 पैकी साधारण 96 वेळा), आणि मनाने लिहिणारा 3-4 छापे झाले की घाबरून काटा टाकतो. "सर कसं ओळखलं?" असं विचारलं की झालं, आता शिकवा, आता ऐकतील. एकदा माझीच फजिती झाली, एका पोराला बहिणीने आधीच सांगून ठेवलेलं, त्याने मुद्दाम सलग 7 छापे घातले होते! पण म्हणजे त्याला धडा कळलाच होता की.

मग दोन फाशांची शर्यत घ्या. 1 ते 12 नंबरचे घोडे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. 1 नंबर घेणारा जागचा हलत नाही आणि ते त्याला बराच वेळ कळत नाही, हीच गंमत. 7 ला 36 पैकी 6 वाटा, 12 ला एकच. फासे मात्र दोन रंगांचे घ्या, नाहीतर 3-4 आणि 4-3 एकच म्हणून भांडतात. जुगाराचं काय शिकवताय म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा, 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी हे गणित पत्रांतून मांडलं तेच मुळी जुगाराच्या प्रश्नांवरून.

वाढदिवसाचा खेळ शेवटी. 23 जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, 40 च्या वर्गात तर 89 टक्के. जुळी भावंडं असतील तर त्यातलं एकच धरा. आणि नाहीच जुळलं तर तोंड पाडू नका, असे 100 वर्ग घेतले तर 11 वर्गांत नाहीच जुळत, तेच फळ्यावर लिहा.