लाळेतून पूर्वजांची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डीएनए चाचणीत माझा आईकडचा गट ‘एम’ आला, वडिलांकडचा रकाना मात्र रिकामा. भावाच्या अहवालात तो भरलेला आहे. असं का? (नाशिक)

उत्तर : वडिलांकडची ओळ ‘वाय’ गुणसूत्रावरून काढतात. ते बापाकडून फक्त लेकाकडे जातं, त्यामुळे लेकीकडे, म्हणजे तुमच्याकडे, ते नाहीच. भाऊ नसता, तर वडील, सख्खे काका किंवा काकांचा मुलगा चालला असता. मामा मात्र नाही. त्यांच्या नमुन्यातून तुमच्या आईच्या वडिलांची ओळ कळेल. आईकडची ओळ मायटोकॉन्ड्रियल डीएनएची, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेर असलेल्या छोट्या डीएनएची. ती आई सगळ्याच मुलांना देते, पण पुढे नेतात मुलीच.

नुसतं ‘एम’ म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहिण्यासारखं आहे. भारतात हाच गट सर्वांत जास्त आढळतो आणि त्याच्या शाखा डझनांनी आहेत. नॅशनल जिओग्राफिकचा लोकांसाठी २०१९पर्यंत खुला असलेला ‘जेनोग्राफिक’ प्रकल्प २००५ साली सुरू झाला, तेव्हा या डीएनएचा एक छोटा तुकडाच वाचला जाई. शाखा, उपशाखा हवी असेल, तर सगळी १६,५६९ अक्षरं वाचणारी चाचणी मागा.

आणि एक लक्षात असू द्या. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. ही ओळ त्यांतल्या एकाच बाईपर्यंत पोचते.

प्रश्न : आईचा लाळेचा नमुना दोनदा परत आला, ‘डीएनए अपुरा’. वय ७४. काय चुकत असेल? (सांगली)

उत्तर : बहुतेकदा फेस. नळीवरच्या खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २ मिलिलिटर, लाळ हवी ती बुडबुडे सोडून. वय झालं की तोंड कोरडं पडतं. थोडी लाळ आणि वर फेस, खूण गाठली असं वाटतं. गाल बाहेरून हलके चोळायला सांगा, जीभ गालांच्या आत फिरवायला सांगा. घाई नको, दहा-पंधरा मिनिटं लागली तरी चालेल. आधी अर्धा तास चहा, खाणं, तंबाखू, सुपारी, दात घासणं बंद. चूळ भरायची ती त्या अर्ध्या तासाच्या आधी. नंतर भरली तर लाळ पातळ होते.

झाकणातला द्रव नमुना टिकवण्यासाठी असतो. झाकण शेवटपर्यंत आवळलं नाही, तर तो खाली उतरत नाही आणि टपालाच्या उन्हात जंतू वाढतात. आवळून झाल्यावर नळी नीट हलवा. तरीही जमलं नाही, तर कापसाच्या काडीचा संच मिळतो का विचारा. प्रत्येक गालाच्या आत अर्धा ते एक मिनिट काडी फिरवत घासायची, टोकाला बोट लावायचं नाही. संचाबरोबर टिकवणारा द्रव नसेल, तर काडी वाळू द्यायची; ओली प्लॅस्टिकमध्ये बंद केली की बुरशी धरते.

प्रश्न : गेल्या वर्षी ‘इराणी ९ टक्के’ होतं, आता ४ टक्के. नमुना तोच. विश्वास कशावर ठेवायचा? (ठाणे)

उत्तर : आकड्यावर फारसा नको. कंपनी तुमच्या डीएनएतल्या तीन अब्ज जागांपैकी साधारण सहा-सात लाख तपासते आणि तिच्याकडे नमुने असलेल्या आजच्या लोकांशी ताडून पाहते. तो संग्रह बदलला की टक्केही बदलतात. ‘इराणी ४ टक्के’ म्हणजे तेवढा भाग आजच्या इराणी नमुन्यांशी जास्त जुळला. तुमचा पणजोबा इराणहून आला, असा त्याचा अर्थ नाही.

बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, उदाहरण बोलकं आहे. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले. २०१६च्या अभ्यासात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळक दिसले आणि सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली. ही तारीख सरमिसळीची आहे, किनाऱ्याला लागण्याची नव्हे. माणसं येऊन शतकानुशतकं आपसातच लग्नं करत राहिली असतील, तर तो काळ या आकड्यात उमटतच नाही.

प्रश्न : नववीच्या ४० मुलांची चाचणी करून स्थलांतराचा नकाशा लावायचा आहे. (सातारा)

उत्तर : मुलांची करू नका. जन्मदाता वेगळाच असल्याचं अशा चाचण्यांतून कधीकधी निघतं, आणि ते घर सावरणं शाळेच्या हातात नसतं. शिवाय गटाच्या अक्षरावरून वर्गात जात शोधायला सुरुवात होईल. आडनाव किंवा जात त्या अक्षरात लिहिलेली नसते, पण चिडवायला तेवढं पुरतं.

त्याऐवजी मुलांना स्वतःचा डीएनए डोळ्यांनी दाखवा. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवा. त्यातले तीन चमचे तोंडात मिनिटभर खळखळवून पेल्यात थुंकायचे. भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, फेस न होऊ देता ढवळायचं. मग थंडगार आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने हळूच सोडायचं (शिक्षकांनीच, आणि ज्योत दूर ठेवून). काही मिनिटांत डीएनएचे पांढरे धागे वर येतात. ढवळताना जोर केला, तर धागे तुटून नुसता गढूळपणा उरतो.

नंतर पिढ्यांचा खेळ खेळा. पहिल्या मुलाला १२ अक्षरांची पट्टी द्या. प्रत्येक मूल आपली पट्टी पुढच्या दोघांसाठी उतरवेल, बदलाची चिठ्ठी निघाली तर एक अक्षर बदलेल. शेवटच्या पट्ट्या दुसऱ्या वर्गाला द्या आणि त्यांवरून वंशवृक्षाचं झाड काढायला सांगा. एकच जागा दोन फांद्यांवर बदलली असेल, तर झाड चुकेल. चुकू द्या, मायटोकॉन्ड्रियल डीएनएतही असंच होतं.