सोनी ए७ III कॅमेऱ्याला सिग्मा-टॅमरॉनची लेन्स घ्यावी की सोनीचीच? (सोलापूर, लग्नं आणि एक शॉर्टफिल्म)

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ए७ III सोबत आलेल्या २८-७० किट लेन्सवर दोन सीझन काढले, आता एकच चांगली लेन्स घेण्याइतके पैसे जमलेत. पोट लग्नांवर आहे, पण डोक्यात माग कामगारांवरची शॉर्टफिल्म आहे. आणि एका सीनियरनं सांगितलंय, "थर्ड पार्टी (म्हणजे कॅमेऱ्याच्या नव्हे, दुसऱ्या कंपनीची लेन्स) म्हणजे शेवटी डुप्लिकेटच."

आधी त्या सीनियरचं बघू. टॅमरॉन १९५० पासून आहे, सिग्मा १९६१ पासून. सिग्माच्या लेन्स जपानात आइझूच्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात बनतात. सोनीनं २०११ साली ई-माउंटची (म्हणजे त्यांच्या कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या जोडणीची) मूलभूत तांत्रिक माहिती इतर कंपन्यांसाठी खुली केली, आणि टॅमरॉनमध्ये तर सोनीची स्वतःची मोठी भागीदारी आहे. याला डुप्लिकेट म्हणायचं असेल तर म्हणू देत. ही भीती फिल्मच्या काळातली आहे. तेव्हा स्वस्तातली झूम लावली की कडा धुरकट यायच्या, हे खरं होतं. २०१२ ला सिग्माच्या आर्ट मालिकेतली ३५ एमएम एफ १.४ आली (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) आणि निदान काचेपुरता तो वाद मिटला.

तुमच्या जागी मी असतो तर टॅमरॉन २८-७५ एफ २.८ जी२ घेतली असती. सोनीच्या २४-७० जीएम २ च्या निम्म्याहून कमी पैशात येते आणि वजन साधारण ५४० ग्रॅम. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत कॅमेरा हातात असला की दीडशे ग्रॅमचा फरक मनगटाला चांगला कळतो. उरलेल्या पैशात पोर्ट्रेटसाठी एक जुनी ८५ एमएम बघा.

पण एक अडचण मला दर लग्नात जाणवते. २८ आणि २४ हा कागदावर चार एमएमचा फरक, प्रत्यक्षात फ्रेममध्ये मावतात ७५ अंश आणि ८४ अंश. जुन्या पेठेतल्या घरात हळद असली की पाठ भिंतीला टेकलेली, पायाशी पाट, आणि करवली कायम फ्रेमच्या बाहेर. "दादा, जरा मागे सरका की," असं मलाच म्हणतात, आणि मागे तर भिंत! तुमची बरीच कामं अशा घरांमधली असतील तर सिग्मा २४-७० आर्टकडे बघा. वजन वाढेल, पण भिंत फोडावी लागणार नाही. मोठ्या मंगल कार्यालयांमध्ये २८ पुरते.

आता मी स्वतः खाल्लेला मार. कॅननवरून सोनीवर आलो तेव्हा जुन्या ईएफ (कॅननच्या) लेन्स विकायच्या जिवावर आल्या, म्हणून त्या सोनीवर बसवणारा एक अ‍ॅडॉप्टर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. घरी गच्चीवर मस्त चालला. मग जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेत सम्मती कट्ट्यापाशी उभा राहिलो, अक्षता सोहळ्यासाठी. सात नंदीध्वज उभे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर कडक ऊन. मंगलाष्टक संपलं आणि चहूबाजूंनी अक्षता उडाल्या. त्या क्षणी लेन्स मागेपुढे करत राहिली: आधी समोरच्या माणसाच्या हातावर, मग मागच्या गर्दीवर, मग कुठेच नाही. सलग तीस-चाळीस फ्रेम, त्यातली एकही धड नाही. तो क्षण वर्षातून एकदाच येतो, आणि लग्नातल्या अक्षतांचंही तेच आहे. तेव्हापासून माझा नियम: थर्ड पार्टी खुशाल घ्या, पण थेट ई-माउंटसाठीच बनवलेली. अ‍ॅडॉप्टर निवांत कामाला ठेवा.

लोक सांगतात, थर्ड पार्टी लेन्सवर सोनी कंटिन्युअस शूटिंगचा वेग सेकंदाला १५ फ्रेमवर अडवते. बरोबर आहे. पण हे सोनीच्या जास्त वेगवान ए९, ए१ वाल्यांचं दुखणं. तुमची बॉडीच १० वर थांबते, तेव्हा त्यावर झोप घालवू नका. लांबचं जवळ आणणारे सोनीचे टेलिकन्व्हर्टर या लेन्सवर बसत नाहीत, तेही तुम्हाला लागणार नाहीत, नान्नजच्या अभयारण्यात काळवीट टिपायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. पुढे बॉडी बदललीत तर मात्र एक लक्षात ठेवा: ए७ IV मध्ये ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन (व्हिडिओत फोकस बदलताना फ्रेम लहान-मोठी होते ती सावरणारी सोय) आहे, ते सोनीच्याच ठराविक लेन्सवर चालतं. आणि कॅननच्या आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांकडे जायचा विचार असेल तर थांबा. तिथे सिग्मा-टॅमरॉनला २०२४ मध्ये परवानगी मिळाली, तीही क्रॉप सेन्सरच्या (ए७ पेक्षा लहान सेन्सरच्या) लेन्ससाठी.

एफ १.४ च्या मोहाबद्दल थोडं. ८५ एमएम, एफ १.४, नवरा-नवरी दोन मीटरवर: फोकसमध्ये राहते ती जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची पट्टी. नवरीचे डोळे लख्ख, आणि अर्धा पाऊल मागे उभा असलेला नवरा विरघळलेला. अल्बम बघताना सासूबाई पहिलं हेच विचारतात. जोडीच्या फोटोला मी एफ २.८ च्या खाली फारसा जात नाही. १.४ ठेवतो ती एकटीच्या पोर्ट्रेटला आणि दिवे गेल्यावर.

शॉर्टफिल्मचं गणित वेगळं, आणि मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आजच्या बहुतेक मिररलेस ऑटोफोकस लेन्सची फोकस रिंग आतल्या काचेला थेट जोडलेली नसते. रिंग फिरवली की मोटरला निरोप जातो आणि मोटर काच हलवते. हळू फिरवली की एक अंतर, जोरात फिरवली की दुसरं. मग चौथ्या टेकला फोकस ओढणाऱ्याची खूण चुकते. टॅमरॉनच्या जी२ ला यूएसबी-सी आहे, त्यांच्या सॉफ्टवेअरमधून रिंग लिनियर करून घ्या, म्हणजे हळू फिरवा की जोरात, अंतर तेच राहतं. पहिल्या दिवशीच करा. याहून पुढे जायचं असेल तर झाइसच्या मिलव्हस किंवा ओटससारख्या धातूच्या, फक्त हातानं फोकस होणाऱ्या लेन्स आहेत. फिरवायला लांबलचक चाल आणि दोन्ही टोकांना पक्का अटकाव. बघितल्या की खिसा हळहळतो. त्या विकत घेऊ नका, चार दिवसांसाठी भाड्यानं आणा. लग्नात त्या हातात घेतल्या तर वरमाला चुकेल.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मी एक दिवस शूट केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, कापसाचा भुरा. तासाभरात लेन्सच्या तोंडावर बारीक लव बसते. यूव्ही फिल्टर लावा, ब्लोअर खिशात ठेवा, आणि शेडमध्ये लेन्स बदलूच नका. झूमचा खरा फायदा तिथे आहे. दोन, ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर चादरीवर पट्टे सरकताना दिसतील. ट्रायपॉड मागापासून दूर, कारण फरशीसुद्धा थरथरते.

बाहेर आलात की सोलापूरचं ऊन. भर दुपारी १/५० आणि एफ २.८ ठेवायचं तर सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर, दर स्टॉपला उजेड निम्मा) लागतो. एस-लॉग (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट रेकॉर्ड करायची पद्धत) वापरलात तर ए७ III मध्ये आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नाही, म्हणजे आणखी तीन. टॅमरॉनला ६७ एमएमचा फिल्टर बसतो. लेन्सच्या बजेटमध्येच त्याचे पैसे धरा, आणि स्वस्त व्हेरिएबल एनडी घेऊन चांगल्या काचेसमोर प्लास्टिकचा तुकडा लावल्यासारखं करू नका.

घेताना भारतातली वॉरंटी असलेलं पक्कं बिल मागा. दुरुस्तीला लेन्स बाहेरगावी जाते, माझी एक ऐन सीझनमध्ये पाच आठवडे अडकली होती. दुकानातच कॅमेऱ्याला लावून एफ २.८ वर समोरच्या सपाट भिंतीचा फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर तो पीस परत करा, दुसरा मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि सीझन सुरू असताना बॉडीचं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करू नका.

सोलापुरातच असाल तर विकत घ्यायच्या आधी माझी २८-७५ तासभर लावून बघा. येत्या यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी मी होम मैदानावर असेन, ट्रायपॉडला जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा गुंडाळलेला माणूस शोधा.